राग लिहिला, भीती राहिली

आपल्या पानांवर राग पुष्कळ आहे. असायलाच पाहिजे. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात लेखणी आली की आधी राग येणार, शिव्या येणार, जाळून टाकण्याची भाषा येणार. भुकेवर आपण लिहिलं. मेलेल्या ढोरावर लिहिलं, बंद पाणवठ्यावर लिहिलं, पेटलेल्या वस्तीवर लिहिलं. पण भीतीवर लिहायचं म्हटलं की हात आखडतो. वाघिणीचं दूध पिलेल्यांनी भ्यायचं नसतं, असं आपल्याच स्टेजवरून दर वर्षी सांगितलं जातं. मग जो भितो त्यानं करायचं काय? तो गप बसतो. कोपऱ्यात जाऊन छाती दाबून धरतो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, पित्त झालंय.

मी हे पित्त आठ महिने सांगत होतो. आता सरळ लिहितो. मनातल्या भीतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छातीत, बोटांत, पोटात, मुताच्या पिशवीत जी भीती बसते तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी सव्वीस वर्षांचा. इचलकरंजीत एका गिरणीत मागावर आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही, त्या नावावर घर चालतं. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं रद्दीच्या दुकानात आणि वस्तीतल्या वाचनालयात उभ्यानं वाचलेलं. कविता लिहितो. कापड तपासणीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितो, कारण ते कागद फुकट मिळतात.

दोन वर्षांमागची श्रावणातली रातपाळी. अडीच वाजले असतील. शेडमध्ये ओलावा सोडलेला असतो, सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून. सूत जपलं जातं, माणूस घामानं निथळतो. आठ माग माझ्याकडं, सगळे चालू. काही बिघडलेलं नव्हतं, कुणी ओरडलेलं नव्हतं, मुकादम जागेवरसुद्धा नव्हता. आणि छातीत धाडकन काहीतरी सुटलं, भरला बीम खाली पडावा तसं. मग धडधड. मागांच्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, पण माझं काळीज मला ऐकू येत होतं. श्वास घेत होतो तरी पुरत नव्हता. ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांत. दोन्ही हातांची बोटं आपोआप जुळून चोचीसारखी आखडली. पोटात गोळा, पाय कापसाचे, लघवी सुटते की काय असं. सगळी शेड लांब गेली, कुणीतरी काचेपलीकडं नेऊन ठेवल्यासारखी. डोक्यात एकच वाक्य. मेलो. आईला कोण सांगणार.

हात आखडलेले बघून कुणीतरी ओरडलं, "फिट आली, फिट आली!" आणि एका गड्यानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. फिट आलेल्याला चप्पल हुंगवायची आपल्याकडं रीत आहे, कुणालाही हुंगवतात. फिटला तिचा काडीचा उपयोग नाही. त्या गड्याचा हेतूही वाईट नव्हता, तो घाबरला होता. पण मी पुरता शुद्धीत होतो. ज्यांच्या बापजाद्यांनी वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात धरलं, त्यांच्या पोराच्या नाकाला पायताण. तो वास अजून नाकात आहे.

जॉबरमामांनी गाडीवर घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी निघाली. पट्टी चांगली होती. डॉक्टरनं पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकलं, मग गाव विचारलं, मग गावात राहतो कुठं ते विचारलं. मग म्हणाला, "घेतोस का?"

म्हटलं, "नाही साहेब."

"तुमच्यात घेतातच की." त्यानं मान वर केली नाही. ढुंगणात एक सुई मारली. "काही नाही. टेन्शन आहे. घरी जा."

चार दिवसांची मजुरी तिथं गेली. काही नाही म्हणजे काय? मी तासाभरापूर्वी मेलो होतो आणि हा सांगतो काही नाही. असलेलं दुखणं नाही म्हणायची ह्या लोकांना सवय आहे. दुखणारा कोण आहे ते आधी बघायचं, मग दुखणं आहे की नाही ते ठरवायचं.

पुढचे महिने झटका आला तो मोजक्या वेळा. झटक्याची वाट बघणं मात्र रोजचं झालं. बोटं सारखी मनगटावर, नाडी मोजायला. एका अंगावर झोपलं की उशीत काळीज वाजतं, म्हणून बसून झोपायचं. एकदा तर गाढ झोपेतून उठवून झटका आला, स्वप्नसुद्धा नव्हतं. शेडच्या मधल्या गल्लीत जायचं टाळायचं, दाराजवळचे माग मागून घ्यायचे. गर्दीची एसटी सोडायची. महिन्याला दोन खाडे, मग चार खाडे. खाड्याचे पैसे कापले जातात. मुकादम म्हणायचा, "कवी झाल्यापासनं कामात लक्ष नाय ह्याचं."

घरात वेगळंच चाललं होतं. आज्यानं १९५६ नंतर घरातले सगळे देव नदीत सोडले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण पोरगं रात्री उठून छाती धरून बसायला लागलं की आईला भिंत दिसत नाही, पोरगं दिसतं. तिनं मला ओवाळून लिंबू तिठ्यावर टाकला. "कुणाची तरी नदर लागली असंल रं," म्हणाली. शेजारीण एका देवरुष्याचा पत्ता घेऊन आली. त्याची दक्षिणा दवाखान्यापेक्षा जास्त. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे, तो असायलाच पाहिजे, आणि मी देवरुष्याकडं गेलो नाही. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. देवरुषी तासभर बसवून ऐकून घेतो. दवाखान्यात आम्हाला दोन मिनिटं मिळतात. आपल्या चळवळीनं अंधश्रद्धेला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही, ती तासभराची जागा कोण भरणार तेही बघावं लागेल.

मग आली चौदा एप्रिल. वस्तीच्या स्टेजवर माझी कविता. कविता कसली, निखारा. गावच्या चौकाला आग लावणारी. माइकसमोर उभा राहिलो आणि छातीत बीम पडला. हातातला कागद थरथरायला लागला आणि त्याचा फडफडाट माइकमधून सगळ्या वस्तीला ऐकू गेला. तोंड कोरडं. दोन ओळी झाल्या, तिसरी निघेना. डोळ्यांत पाणी आलं ते श्वास कोंडल्यामुळं. खालून कुणीतरी म्हणालं, "पोरगं भरून आलं, बाबासाहेबांच्या आठवणीनं." टाळ्या पडल्या. लोकांनी प्रेमानंच वाजवल्या. पण त्या रात्री ठरवलं की ह्या गोष्टीला तिचं खरं नाव पाहिजे.

म्हणून सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार खात्यात गेलो. बाहेर बाकड्यावर बसताना तोंडावर रुमाल घेतला होता. बघितलं तर समोरच्या बाकड्यावर आणखी दोघं रुमालवाले.

आत डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही, केसपेपरवर होतंच, पण त्याच्याकडं बघितलं नाही. विचारलं ते असं: जिना चढताना, ओझं उचलताना छाती दुखते का, की नुसतं उभं असतानाही होतं? किती वेळ टिकतं? चहा किती? तंबाखू? झोप किती? सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? हा शेवटचा प्रश्न मला कळला नाही. मग त्यांनी सांगितलं, कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की एक रोग होतो, बिसिनोसिस. त्यात सुटी संपवून कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. मला माझा आजा आठवला. मुंबईच्या गिरणीत त्याची सगळी जवानी गेली, आणि सुटीनंतर कामावर गेलं की तो खोकत घरी यायचा, असं आजी सांगायची. माझी गोष्ट तशी नव्हती. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर. थायरॉईड वाढला तरी अशीच धडधड होते, रक्त कमी असलं तरी होते, म्हणून हे बघावंच लागतं. सगळं ठीक निघालं. मग त्या म्हणाल्या, "ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात."

मी विचारलं, "म्हंजे मनाचं हाय. म्हंजे खोटं हाय का?"

"छाती धडधडते ना? बोटं आखडतात ना? मग खोटं कसं?"

एवढ्या एका वाक्यासाठी आठ महिने गेले होते.

आता जे त्यांनी सांगितलं आणि पुढं मी धुंडाळून वाचलं, ते माझ्या भाषेत मांडतो. मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लटकत असते, तिला आम्ही ड्रॉपर म्हणतो. धागा ताणात असला की ती वर राहते. धागा तुटला की खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, करंट जुळतो आणि माग थांबतो. दिवा लागतो. तुटलेल्या धाग्यानिशी कापड पुढं जाऊ नये म्हणून ही सोय. पण कधी धागा तुटलेलाच नसतो. नुसता ढिला पडलेला असतो, तेवढ्यानं ड्रॉपर टेकतो. माग थांबतो, दिवा लागतो, आपण धावत जातो, हजारो धागे चाळतो, तुटका सापडत नाही. दिवा खरा, थांबणं खरं, तुटणं मात्र झालेलंच नाही. माझ्या छातीत हेच होतं.

संकट दिसलं की देह दोनच गोष्टींची तयारी करतो, लढायची किंवा पळायची. वॉल्टर कॅनन नावाच्या शास्त्रज्ञानं १९१५ साली हे नीट मांडलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून अॅड्रेनालिन सुटतं. काळीज जोरात चालतं, कारण पायांना रक्त पाहिजे. श्वास वाढतो, कारण दम पाहिजे. घाम येतो, अंग थंड ठेवायला. पोटाकडचं रक्त कमी होतं, म्हणून पोटात गोळा. साप समोर असेल तर ह्यातली एकेक गोष्ट जीव वाचवते. साप नसताना हे सगळं सुटलं की माणूस उभ्या जागी धावायला लागतो, आणि धावतोय कशाला ते त्याला कळत नाही.

श्वासाचं तर आणखी गमतीचं. श्वास पुरत नाही वाटतं, पण खरं तर आपण जास्त घेत असतो. भराभर श्वास टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो. त्यानं डोक्याकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, चक्कर येते, शेड लांब गेल्यासारखी वाटते. रक्तातल्या कॅल्शियमचा हिशोब बिघडतो, म्हणून मुंग्या आणि ती चोचीसारखी बोटं. आणि हे सगळं बघून डोकं म्हणतं, मेलो. मेलो म्हटल्याबरोबर आणखी अॅड्रेनालिन. डेव्हिड क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली हाच फेरा दाखवून दिला. अंगात काहीतरी होतं, आपण त्याचा अर्थ मरण असा लावतो, त्या अर्थानं अंगात आणखी होतं.

आणि घाबरट म्हणून हसणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८७१ साली त्यांच्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर लिहून ठेवलं आहे. धडधड, दम, छातीत दुखणं, आणि काळजात बिघाड तर सापडत नाही. बंदुकीसमोर उभी राहिलेली माणसं ती. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या ग्रंथात पॅनिक डिसऑर्डर असं ह्या आजाराचं वेगळं नाव आलं. नाव नव्हतं तेव्हाही दुखणं होतंच.

आता मी काय करतो ते. हे माझं आहे, डॉक्टरांना विचारून बसवलेलं.

झटका सुरू झाला की मी मनातल्या मनात म्हणतो, आलास? ये. हा तोच आहे, ह्याआधी आलेला. बहुतेक वेळा तो दहा मिनिटांच्या आत डोक्यावर चढतो आणि मग उतरायला लागतो, कारण देह तेवढ्या जोरानं फार वेळ धावू शकत नाही. चक्कर येऊन पडेन असं वाटतं, पण पॅनिकमध्ये रक्तदाब बहुतेक वाढतो, आणि बेशुद्ध पडायला तो घसरावा लागतो. हे मी पाठ करून ठेवलंय, नामदेवाच्या अभंगासारखं नव्हे, मागाच्या सेटिंगसारखं.

मग श्वास. लोक सांगतात, दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे. त्यानं माझं वाढायचं, कारण हवा आधीच जास्त झालेली असते. मी सोडण्यावर जोर देतो. नाकानं चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पोट हलेल असा. घाई नाही. कागदाची पिशवी तोंडाला लावायचा उपाय कुणी सांगितला तर करू नका. दमा किंवा काळजाचं दुखणं असेल तर तो जीवावर बेतू शकतो.

विहारातली एक म्हातारी आजी म्हणाली, "श्वासाकडं नुस्तं बघ बाळा, आत आला, भाईर गेला." तिचं बरोबर आहे, बऱ्या दिवशी मी तसं बसतोसुद्धा. पण झटक्याच्या वेळी छातीकडं बघितलं की माझी छाती आणखी उसळते. तेव्हा मला बाहेर बघावं लागतं. म्हणून खिशात वाया गेलेलं सूत ठेवतो. विणकराची गाठ मारायला घेतो. आखडलेल्या बोटांनी ती बसत नाही, सुटते. पुन्हा मारतो. दहा गाठी बसेपर्यंत मारतो. दहावी बसते तोवर बोटं माझी झालेली असतात.

आणि जागा सोडत नाही. हे सगळ्यात अवघड. पाय दाराकडं ओढतात. पण दाराबाहेर जाऊन बरं वाटलं की देह शिकतो, शेडमध्ये मरण होतं, दारानं वाचवलं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळवतो. म्हणून मी मागाच्या फ्रेमला हात लावून उभा राहतो. दिवा लागलेल्या मागाकडं जातो, हळू जातो, पण जातो. आता मधल्या गल्लीतले माग पुन्हा माझ्याकडं आहेत.

बाईंनी आणखी एक वेडं वाटणारं काम दिलं. दिवसा, बरं असताना, जागच्या जागी मिनिटभर पळायचं. काळीज धडधडू द्यायचं, आणि मग बसून त्याला आपोआप उतरताना बघायचं. म्हणजे धडधड आणि मरण ह्यांची डोक्यात पडलेली गाठ सुटते. आई दारात उभी राहून बघायची. "पोलिसात भरती व्हतोस का काय?" म्हणायची. ती हसली तेव्हा घर जरा हलकं झालं.

रातपाळीला सात-आठ कप चहा जायचा, आता दोन. मावा सोडला. तंबाखूनंही काळीज वेगानं चालतं, त्यात उपाशीपोट आणि अर्धी झोप. झोपेचं मात्र पूर्ण माझ्या हातात नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसा झोपायचं, पत्रा तापलेला, बाहेर पोरं, शेजारी टीव्ही. पाळी आठवड्याला बदलते. ह्यावर डॉक्टरांजवळ गोळी नाही.

गोळी मी घेतो. लाजत नाही. रोजची आहे, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनानं बंद करायची नसते. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेची, शांततेची गोळी आणणारे मला ठाऊक आहेत. अल्प्राझोलामसारख्या गोळीनं तासाभरात गार वाटतं खरं, पण तिची सवय लागते. धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही, आणि आपल्या गिरण्यांत दम्याचे किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. विचारल्याशिवाय नको. आणि हेही लिहून ठेवतो: सगळ्या छातीदुखीला पॅनिक म्हणू नका. चालताना, ओझं उचलताना छाती दाबल्यासारखी झाली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम आला, माणूस बेशुद्ध पडला, तर १०८ ला फोन करा आणि आधी दवाखाना गाठा. पहिल्या वेळी तर पट्टी काढलीच पाहिजे. बोलायला कुणी नसेल तर २०२२ साली सरकारनं टेलिमानस सुरू केलंय, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणं हा हक्क केलाय. हक्क कागदावर असतो, खिडकीवर जाऊन मागावा लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता जे मला खरं बोलायचं आहे ते. मी मागावर उभा आहे, ही साधी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला कसा चालेल? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. वर्गाची एकजूट म्हणता, मग आमच्या माणसाला मागावर घ्या. माझा आजा त्यानंतर कितीतरी वर्षांनी गेला, तरी तो सूतखात्यातच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तो होता. गिरणी गेली, तो छाती घेऊन गावी आला.

म्हणजे आमच्या श्वासाचाच विटाळ होता. आज माझ्या मागाला धोटाच नाही, आडवा धागा हवेच्या फवाऱ्यानं पलीकडं जातो. आणि त्या हवेत उभा राहून मला श्वास पुरत नाही. ह्या दोन गोष्टी जोडून मी कविता करू शकतो, पण भीती रक्तातून उतरली असं मी म्हणणार नाही, तसं मला सिद्ध करता येत नाही. भीती शिकवली गेली, हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. "गप चल. वर बघू नगं. हसू नगं मोठ्यानं. त्या गल्लीनं जाऊ नगं." आईनं जीव वाचावा म्हणून शिकवलं, तिला तिच्या आईनं. अशा घरात वाढलेल्या देहाचे ड्रॉपर जरा हलकेच बसवलेले असतात. थोडा धागा ढिला पडला की दिवा लागतो. त्याला दोष देऊ नका. त्या दिव्यानं आमची माणसं जगली आहेत.

आणि श्वास मोजून पगार वाढत नाही, बारा तासांची पाळी आठ तासांची होत नाही, कंत्राटी गड्याला ईएसआयचं कार्ड मिळत नाही. मला शांत करून पुन्हा मागावर उभं करणं एवढ्यापुरतंच हे औषध असेल तर ते मालकाचं औषध आहे. मी बरा होतोय तो मालकासाठी नाही. कार्डासाठी अर्ज लिहायला हात न थरथरता चालावा लागतो.

गेल्या दिवाळीआधी शेडमध्ये झटका आला तेव्हा गाठी मारत उभा होतो. शेजारच्या मागावर बिहारचा पोरगा आहे, माझ्याहून लहान. त्यानं खुणेनं विचारलं, काय झालं. पाळी सुटल्यावर गेटबाहेर मी त्याला सगळं सांगितलं. पित्त म्हटलं नाही. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "भैया, मेरे को भी होता है. गाँव में बोलूँगा तो बोलेंगे, कमाने गया था, पागल होके आया." मागून जॉबरमामा सायकल ढकलत आले. त्यांनी ऐकलं होतं. पन्नाशीचा माणूस. म्हणाले, "मला संपाच्या टायमाला हुईत हुतं. आमच्या बाऽला नोटीस आल्ती. मी पोरगा हुतो. रातभर दम लागायचा. कुणाला सांगितलं न्हाई आजवर." आणि सायकलवर टांग टाकून गेले. दुसऱ्या पाळीला त्यांनी माझ्याकडं न बघता सुताचा एक गुंडा माझ्या मागावर ठेवला.

आता सुटीच्या दिवशी आम्ही चौघं पुलाजवळ बसतो. चौथा तो, ज्यानं चप्पल लावली होती. त्याच्या बायकोला होतं म्हणून विचारायला आला. तिच्यासाठी दवाखान्याची तारीख घेतली आहे.

झटके मला अजून येतात. महिन्या दोन महिन्यांनी एखादा. गेल्या महिन्यात आलेला मी घड्याळावर मोजला, नऊ मिनिटं. तेवढ्यात दोन माग थांबले, ते मी चालू केले.

संपादकांना मी सांगितलंय की पुढच्या अंकात चार पानं भीतीसाठी ठेवा. रागाच्या कविता ठेवाच, त्या पाहिजेत. पण ज्याची छाती रात्री धडधडते, ज्याचे हात मुलाखतीत, पोलीस चौकीत, गावच्या चौकात, हॉस्टेलच्या खोलीत आखडतात, त्यानं लिहावं. बायांनी लिहावं, त्यांना तर पित्तसुद्धा म्हणता येत नाही, अंगात आलं म्हणतात. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. कागद थरथरला तरी चालेल. स्टेन्सिल कापताना आम्ही सरळ करून घेऊ.